आधी वॅट, मग कार्ड

दारव्ह्याचा माझा भाचा लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि काम संपलं की रात्री गेम खेळतो. दिवाळीच्या सुट्टीत तो एक कागद घेऊन आला. स्वतःच्या हातानं जोडायच्या पहिल्या संगणकाची ती यादी होती. सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित केलेलं ग्राफिक्स कार्ड. त्याखाली प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी. तळाला दोन ओळी घाईघाईत खरडलेल्या : ‘कॅबिनेट – दिसायला चांगला’ आणि ‘एसएमपीएस – कोणताही’.

‘‘मामा, कार्ड भारी घेतो. बाकी काही बी चालते.’’

मी कागद फिरवून उलटा त्याच्यापुढे ठेवला. ‘‘आता वाच. यवतमाळ जिल्ह्यात ही यादी खालून वर वाचायची असते.’’

‘‘काहून?’’

या ‘काहून’चं उत्तर जरा लांबचं आहे. त्यात आपला उन्हाळा आहे, आपली लाइन आहे आणि थोडं भौतिकशास्त्र आहे.

खोलीतला हीटर

मिक्सरला दिलेली वीज चटणी वाटते, पंपाला दिलेली वीज विहिरीतलं पाणी वर आणते. संगणकाला दिलेल्या विजेचं काय होतं? आकडेमोड होते, चित्रं हलतात. पण ऊर्जेच्या हिशेबात यातलं काहीच शिल्लक राहत नाही. आत गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ३०० वॅट ओढणारा संगणक म्हणजे गणित करणारा ३०० वॅटचा हीटर.

ही उष्णता बाहेर काढायचं काम प्रोसेसरवरचा कूलर करतो. मात्र कूलर गारवा निर्माण करत नाही, तो फक्त उष्णता हवेच्या हवाली करतो. उष्णता वाहते ती तापमानाच्या फरकामुळे. समजा, एखादा कूलर दर वॅटमागे प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा ०.४ अंश जास्त तापू देतो. प्रोसेसर १०० वॅट ओढत असेल, तर तो हवेपेक्षा ४० अंश गरम राहणार. खोली २५ अंशांची असेल तर ६५. यूट्यूबवरची परीक्षणं साधारण अशाच खोलीत केलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी पारा ४३ वर जातो, म्हणजे ८३. बंद कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा आणखी आठ-दहा अंश तापलेली असते, म्हणजे ९१ ते ९३. हल्लीच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास आहे.

मर्यादा आली की प्रोसेसर जळत नाही. तो दम खातो. स्वतःचा वेग आपणहून कमी करतो, आणि ज्या वेगासाठी पैसे मोजले तो नेमका हवा असतो तेव्हाच मिळत नाही. लग्नसराई असते एप्रिल-मेमध्ये. व्हिडिओ एडिट करणाऱ्याचं काम आणि विदर्भाचं ऊन एकाच महिन्यात शिगेला पोचतात. म्हणून कॅबिनेट दिसायला कसा आहे यापेक्षा त्याच्या तोंडाला काच आहे की जाळी, हे आधी पाहायचं. पुढून दोन पंख्यांनी हवा आत, मागून एकानं बाहेर. आत येणारी हवा थोडी जास्त असली की धूळ फटीफटीतून न शिरता जाळीवर अडते, आणि जाळी धुता येते.

चौकटीतला कूलर आणि चिपवरचा कूलर

आपल्या खिडकीच्या चौकटीत बसवलेला डेझर्ट कूलर हे विदर्भाला मिळालेलं वरदान. ४३ अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेत ओल्या वाळ्यातून पाणी उडून जाताना ती हवा सुमारे २८-३० अंशांपर्यंत उतरवू शकतं. पाण्याची वाफ होण्यासाठी प्रचंड उष्णता लागते आणि ती हवेतून घेतली जाते.

गंमत अशी, की प्रोसेसरच्या बऱ्या कूलरमध्येही हेच चालतं. त्यातल्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत चमचाभरही नसलेलं पाणी, अत्यंत कमी दाबाखाली कोंडलेलं असतं. दाब कमी असल्यामुळे ते थोड्या उष्णतेनंही वाफ होतं. वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला धावते, पंख्याखालच्या पात्यांशी थंड होऊन पाणी बनते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पुन्हा खाली झिरपते. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी ‘हीट पाइप’ करून दाखवली. तिचा उपयोग पुढे अंतराळयानांत झाला. आज ती दोन-तीन हजारांच्या कूलरमध्ये असते. चिप आणि कूलर यांच्यामधल्या फटीत हवा राहिली तर उष्णता तिथेच अडते, म्हणून थर्मल पेस्टचा तुरीच्या दाण्याएवढा ठिपका द्यायचा. जास्त थापण्यात फायदा नाही.

डेझर्ट कूलरच्या झोतासमोर मात्र संगणक ठेवू नये. संगणकाचे भाग हवेपेक्षा गरमच असतात, त्यामुळे त्यांच्यावर दव धरत नाही. पण झोतासोबत बारीक तुषार येतात, आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार सर्किटवर बसतात. कूलरनं खोली गार करावी, संगणकानं खोलीतली हवा घ्यावी. दोघांची थेट गाठ नको.

लाइन येते-जाते तेव्हा

आता तो ‘कोणताही’ एसएमपीएस. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेपासून १२ व्होल्टची एकदिश वीज तयार करणं हे त्याचं काम. हे करताना तो स्वतःही तापतो. त्याच्यावरचा वॅटचा आकडा कोणत्या तापमानाला दिला आहे, ते बघा. हलक्या मालाचा आकडा बहुधा २५ अंशांचा असतो, चांगल्यांचा ४० किंवा ५० अंशांचा. आपल्या दुपारी पहिला आकडा जवळपास कागदावरच राहतो. शिवाय त्याच्या आतल्या कपॅसिटरांचा नियम कडक आहे : तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं.

किती वॅटचा घ्यावा? बेरीज करू. ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा एएमडीचा प्रोसेसर भर कामात ८८ वॅटपर्यंत जातो. ‘आरटीएक्स ४०६०’सारखं मध्यम कार्ड ११५ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ६० धरू. एकूण २६० च्या आसपास. रोज पाच तास भरगच्च चाललं, तर सव्वा युनिटाहून थोडं जास्त. त्याच पिढीतलं सर्वांत मोठं कार्ड, ‘आरटीएक्स ४०९०’, एकटंच ४५० वॅट घेतं. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतं, म्हणून बेरजेच्या दुप्पट, म्हणजे चांगल्या दर्जाचा ५५० वॅटचा एसएमपीएस इथे पुरतो. अनोळखी छापाच्या ८५० पेक्षा तो बरा.

लाइन गेली की काय होतं? आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरवर बहुधा एक बटण असतं. साध्या मोडमध्ये तो वीज हाती घ्यायला २०-४० मिलिसेकंद लावू शकतो, यूपीएस मोडमध्ये दहाच्या आसपास. बटण चुकीच्या बाजूला असलं तर पंखा चालू राहतो, पण चाळीस मिनिटांचा एक्सपोर्ट अडतिसाव्या मिनिटाला गळून पडतो. भाचा यावर ओशाळून हसला. जुन्या संगणकावर त्यानं हे भोगलं होतं. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, हेही त्यातच आलं.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, त्याला लोक ‘करंट उतरला’ म्हणतात. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात. विजेतला गोंगाट ते जमिनीकडे सोडतात. जमिनीची तारच जोडलेली नसेल तर पत्रा त्या दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकतो. प्रवाह अगदी क्षीण, पण निरोप स्पष्ट : संगणक उघडण्याआधी भिंतीतलं सॉकेट इलेक्ट्रिशियनला दाखवा.

काटा एकच

यादीत इथवर आलो, की कामाचा प्रश्न येतो. गेमला काय लागतं आणि एडिटिंगला काय?

सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर प्रत्येक चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके, फोर-के पडद्यावर ८३ लाख. प्रत्येक ठिपक्याचं गणित बरंचसं स्वतंत्र असतं, म्हणून ते हजारो छोट्या गणकांत वाटता येतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ही फौज.

काम वाटून घेण्याच्या या कल्पनेचा आपल्याकडचा मोठा प्रयोग एका वऱ्हाडी माणसाच्या नेतृत्वाखाली झाला. बडा क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेनं नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ मध्ये तिथे ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच्यासाठी नवी चिप घडवली नव्हती. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडले होते. सुटे भाग आणून संगणक जोडणंच ते, फार मोठ्या प्रमाणावर. कसोटी होती ती सगळ्या चिपांना सतत काम पुरवण्याची आणि आपसांत बोलतं ठेवण्याची.

ती कसोटी का अवघड, हे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं. कपाशीच्या वेचणीवरून ते चटकन समजतं. वेचायला वीस बाया लावल्या तर वेचणी लवकर आटोपते. पण संध्याकाळी कापूस मोजायचा काटा एकच. बाया चाळीस केल्या तरी काट्यापुढची रांग तेवढीच. समजा, तासाभराच्या कामात ४५ मिनिटांचा भाग वाटून घेण्यासारखा आहे आणि १५ मिनिटांचा नाही. प्रोसेसरमधल्या आठ गणकांना, म्हणजे कोअरना, एकूण सुमारे साडेवीस मिनिटं लागतील, सोळांना पावणेअठरा. कोअर दुप्पट, बचत तीन मिनिटांपेक्षा कमी. वीज आणि उष्णता मात्र वाढलेली. गेमसाठी सहा आणि एडिटिंगसाठी आठ चांगले कोअर पुरतात, ते यामुळे.

एडिटिंगची खरी अडचण वेगळीच असते. फोर-केचं एक चित्र जसंच्या तसं ठेवलं तर सुमारे २५ मेगाबाइट. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे ६२० च्या वर. फोन आणि कॅमेरे ते जवळपास शंभर पटींनी दाबून साठवतात. कसं, तर किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं. एक तारखेला पूर्ण बाकी लिहायची, पुढे रोजचा फक्त फरक. सतरा तारखेची बाकी विचारली की एकपासून बेरीज आली. टाइमलाइनवर मधल्याच चित्रावर बोट ठेवलं, की संगणक हीच बेरीज करत बसतो. हल्लीच्या बऱ्याच प्रोसेसरांत आणि ग्राफिक्स कार्डांत या कामासाठी खास वेगळा भाग असतो. आपला कॅमेरा ज्या पद्धतीनं व्हिडिओ साठवतो, ती पद्धत त्या भागाला उलगडता येते का, हे विकत घेण्याआधी विचारावं. नाही जमलं तर एडिटिंगपुरती व्हिडिओची हलकी प्रत, म्हणजे प्रॉक्सी, करून घ्यावी. तिला पैसे लागत नाहीत.

रॅमची १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या. रस्ते दोन झाले की डीडीआर४ मध्ये ये-जा सेकंदाला २५.६ वरून ५१.२ गीगाबाइट होते. एडिटिंगला ३२ जीबी असावी. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीचे भाव चढले. म्हणून मोकळे खण राहतील असा बोर्ड घेऊन पुढे वाढवणं शहाणपणाचं. चालू काम एनव्हीएमई एसएसडीवर, जुनी लग्नं साध्या हार्डडिस्कवर.

मे महिन्याची युक्ती

चिपची वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्क्यांनी उतरवले, तर ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, वीज २७ टक्क्यांनी कमी, वेग फक्त १० टक्क्यांनी. एएमडीच्या ‘इको मोड’मागे आणि कार्डाची वॅटमर्यादा उतरवण्यामागे हाच गुणाकार आहे. हिवाळ्यात मोकळं सोडा, मे महिन्यात लगाम घाला. लगाम घातलेला प्रोसेसर पुष्कळदा दम खाणाऱ्या प्रोसेसरपेक्षा काम आधी उरकतो.

भाच्यानं कागदाच्या मागच्या बाजूला नवी यादी केली. पहिली ओळ अर्थिंग. मग एसएमपीएस, जाळीचा कॅबिनेट, कूलर. कार्ड शेवटी, आणि पहिल्यापेक्षा एक पायरी खालचं. पुढच्या आठवड्यात तो नागपूरला सीताबर्डीत जाऊन सामान आणणार होता.

‘‘जोडल्यावर बराबर झाला का नाही, ते कसं पाहू?’’ निघताना त्यानं विचारलं.

दिवाळीच्या गारव्यात ‘कोणताही’ संगणक चालतो. आखाजीच्या दुपारी दोन वाजता अर्धा तास एक्सपोर्ट लाव आणि प्रोसेसरचं तापमान बघ, असं मी त्याला सांगितलं. तेव्हाही त्याचा वेग पडला नाही, तर समज की यादी जमली.