गाणं शाहिराचं, पत्ता परक्याचा

स्वतंत्र संगीतकारांसाठी संकेतस्थळ काढायचं, ही कल्पना आता पाव शतकाहून जुनी झाली. १९९७ साली एमपीथ्री डॉट कॉम सुरू झालं. कॅसेट कंपनीची पायरी न चढताही कुणाला आपलं गाणं जगापुढे मांडता यावं, हा त्याचा वायदा होता आणि काही वर्षं तो खराही ठरला. गाणं किती वेळा ऐकलं गेलं, त्या हिशोबाने कलाकाराला पैसे देण्याची योजनाही त्यांनी चालवली. पण २००३च्या डिसेंबरात दुकान गुंडाळलं गेलं आणि गाणीही पुसली गेली. मग मायस्पेसचा जमाना आला. २०१९च्या मार्चमध्ये त्यांच्याकडून कळलं, की सर्व्हर हलवताना २०१५पर्यंत चढवलेलं संगीत गमावलं आहे. कोट्यवधी गाण्यांपैकी सुमारे ४ लाख ९० हजार तेवढी इंटरनेट आर्काइव्हपर्यंत पोचली, तीही कुणीतरी आधीच उतरवून ठेवली होती म्हणून. आपल्याकडे फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२मध्ये 'फ्लाइट' हे गाणी विकणारं दुकान उघडलं आणि पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये बंद केलं. चोरटी गाणी आणि लहानसहान रक्कम सहज देता येईल अशा सोयीचा अभाव, ही त्याची कारणं. बँडकॅम्प हे त्यातल्या त्यात कलाकाराच्या बाजूचं मानलं गेलेलं स्थळ. तेही २०२२मध्ये एका गेम कंपनीने घेतलं आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीला विकून टाकलं. इतक्या वेळा एकच गोष्ट घडली, तर तिला योगायोग म्हणता येत नाही. स्थळ उभारणं कधीच अवघड नव्हतं. गाणं कुणाच्या पत्त्यावर राहतं आणि ऐकणाऱ्याची ओळख कुणाकडे राहते, हा खरा प्रश्न होता, आणि त्याला प्रत्येक वेळी बगल दिली गेली.

हा मागोवा रत्नागिरीतून घेण्याचं कारण असं, की इथे स्वतंत्र संगीतकार इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहेत. फक्त त्यांना कुणी त्या नावाने ओळखत नाही. शहरात आर्ट सर्कलचा थिबा राजवाड्यातला महोत्सव आहे, खल्वायनच्या संगीत सभा आहेत. त्यांना जाणकार श्रोता आहे आणि बातमीत जागाही मिळते. पण जिल्हाभर पसरलेला खरा स्वतंत्र कारभार जाखडीचा, म्हणजे शक्ती-तुरा या लोककलेचा. शाहीर स्वतः गाणी रचतो, दर गणपतीला नवी रचतो, गुरुपरंपरा सांगतो आणि समोरच्या पक्षाला सवाल टाकतो. मधे ढोलकी, झांज आणि गाणारे बसतात, भोवती घुंगरू बांधलेल्या पोरांचा फेर धरला जातो. गावच्या मंडळाची एक शाखा मुंबईत असते. दोन शाहिरांचा सामना ठरला की चाकरमानी तिकिटं खपवतात, नाट्यगृहाचं भाडं भरतात आणि उरलेल्यातून देवळाचं काम होतं किंवा वाडीत पाण्याची टाकी होते. यात कॅसेट कंपनी असली तर असली, नसली तरी अडत नाही. स्वतंत्र संगीताची संकेतस्थळं जो थेट संबंध निर्माण करण्याचं स्वप्न दाखवत होती, तो इथे रोख तिकिटावर चालू होता. म्हणून या कलाकारांना नव्या माध्यमाने काय दिलं, हे तपासलं की त्या स्वप्नाचीही परीक्षा होते.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि सामने यूट्यूबवर दिसू लागले. नालासोपाऱ्यात बसून संगमेश्वरचा सामना पाहता येऊ लागला. हा लाभ मोठाच. पण चित्रफितीखाली पाहा. वाहिनी अनेकदा शूटिंग करणाऱ्याची असते. शीर्षकात दोन शाहिरांची नावं आणि 'सामना', फार तर सभागृहाचं नाव. गाणं कुणी लिहिलं, ढोलकीला कोण, कोरसमध्ये कोण, कुठल्या वर्षीचं, याचा पत्ता नाही. या परंपरेने श्रेयाची सोय गाण्यातच करून ठेवली होती. शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव आणि गुरूचं नाव गुंफतो. तीस सेकंदांची रील कापणारा मात्र मधली चटकदार ओळ उचलतो आणि ते शेवटचं कडवं नेमकं गळून पडतं. नाव गेलं की सुपारी विचारायला फोन कुणाला करायचा? शोधायला जावं तर 'जाखडी', 'जाकडी', 'शक्तीतुरा', 'शक्ती-तुरा' अशी चार रूपं आणि इंग्रजी स्पेलिंगची आणखी चार. प्रसिद्धी झाली असं वाटतं, पण झाली ती वाहिनीची.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: लोक यूट्यूबवरच आहेत, मग वेगळ्या स्थळावर येणार कोण? लोक तिथे आहेत हे खरंच, आणि तिथून कुणीही उठून जावं असं माझं म्हणणं नाही. पण तिथे मिळतं काय ते मोजावं. जाहिरातीतला वाटा मिळायला २०१८पासून १,००० वर्गणीदार आणि वर्षात ४,००० तास पाहणं ही अट आहे. स्पॉटिफायवर २०२४पासून बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला मानधनच नाही. मोठ्या शहरातल्या नव्या गायकाला हा उंबरठा ओलांडता येईल. पाच वाड्यांचा गाव आणि त्याचा मुंबईतला परिवार एवढाच ज्याचा श्रोता, त्या शाहिराला तो नेहमी उंचच पडणार. त्याचा श्रोता थोडा, पण पक्का: तिकीट काढणारा, वर्गणी देणारा. लाखांच्या गणतीवर बेतलेल्या व्यवस्थेत अशा श्रोत्याला किंमत नसते. दुसरी अडचण चालींची. अनेक गाणी सिनेमाच्या चालीवर बांधलेली असतात. यूट्यूबची यंत्रणा ती चाल ओळखते आणि उत्पन्नावर संगीत कंपनीचा दावा लागतो. कायद्याने ते चूक म्हणता येणार नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष सोपा आहे. शाहिराचं निर्विवाद स्वतःचं असतं ते त्याचे शब्द, आणि शब्दांना यूट्यूबवर जागाच नाही.

शब्दांना जागा दिली तर काय होतं, याचं मराठीतलं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. अलका विभास यांनी २००३मध्ये सुरू केलेलं 'आठवणीतली गाणी'. एमपीथ्री डॉट कॉम मिटलं त्याच वर्षी ते सुरू झालं आणि टिकलं. प्रत्येक गाण्याखाली गीत, संगीत, स्वर यांची नावं. ते दुकान नव्हतं, म्हणून बुडालं नाही, असं मला वाटतं. लोक तिथे शोधायला येतात आणि शोधणारा पुन्हा पुन्हा येतो. जाखडीच्या वह्या अशा रीतीने कुणी मांडल्या, तर रचना, वर्ष, शाहीर, गुरू, मंडळ आणि खाली संपर्काचा क्रमांक एवढं पुरे. पैशाचा प्रश्न फ्लाइटच्या काळी होता तसा आता राहिलेला नाही. २०१६मध्ये यूपीआय आलं आणि दहा रुपयेसुद्धा बोटावर देता येतात. उलट परदेशी स्थळंच इथे अडतात. पेपॅलने १ एप्रिल २०२१पासून देशातल्या देशात देणीघेणी बंद केली, त्यामुळे त्यावर विसंबलेल्या विक्रीला रत्नागिरीतल्या गिऱ्हाईकापर्यंत पोचणं कठीण झालं. मंडळाच्या स्वतःच्या पानावर तिकिटाचा क्यूआर कोड लावायला अशा कुणाचीच परवानगी लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे सांभाळणार कोण? मंडळांची कितीतरी स्थळं अशी बंद पडतात, की ज्या मुलाने हौसेने काढलं तो नोकरीला पुण्याला गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला आणि नूतनीकरणाची तारीख उलटली. याला तंत्राचं उत्तर नाही, मंडळाच्या कारभाराचं आहे. ज्यांना वर्गणीची पावती-पुस्तकं आणि देवळाच्या चाव्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळता येतात, त्यांना वर्षाला काही शे ते हजार रुपयांचं संकेतस्थळाचं एक नाव जपणं अशक्य नाही. ध्वनिफिती इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य ठेवता येतात, आपल्या पानावर त्यांचा दुवा पुरतो. २०१४पासून '.भारत' हा देवनागरी पत्ताही मिळतो. तो फारसा कुणी घेत नाही, आणि मला तरी तो अजून दिखाऊच वाटतो. साधा '.इन' घ्यावा.

प्रसिद्धीचीही घाई आहे. परळचं दामोदर नाट्यगृह हा कोकणी लोककलांचा मुंबईतला जुना आधार. पुनर्बांधणीसाठी ते २०२३मध्ये बंद झालं आणि तिथल्या फलकावर पुढचा सामना वाचण्याची सवयही मोडली. आता खबर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फिरते. चार दिवसांत ती खाली जाते आणि पुढच्या वर्षी शोधून सापडत नाही. म्हणून मंडळांना एवढंच सांगणं आहे: येत्या गणपतीआधीच्या बैठकीत संकेतस्थळाचं नाव कुणा एकाच्या नव्हे तर मंडळाच्या नावावर घ्या, पासवर्ड खजिनदाराच्या वहीत लिहून ठेवा आणि सुरुवातीला गेल्या वर्षीची गाणी शेवटच्या कडव्यासकट चढवा.