बीजक आणि टपालहशील

भिलाईच्या पोलाद कारखान्याला पाणी पुरविणाऱ्या जलाशयामुळे मरोदा हे नाव त्या परिसरात सर्वांच्या परिचयाचे आहे. दुर्गहून दल्लीराजहराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे छोटेसे स्थानकही आहे. 1959 साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशाच्या नाना भागांतून जी कुटुंबे तेथे येऊन स्थिरावली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशाच एखाद्या घरातील गृहिणी फावल्या वेळी गोधड्या शिवते, आणि मोबाइलवर त्यांची छायाचित्रे पाहून पुण्याचे वा गोंदियाचे गिऱ्हाईक मागणी नोंदविते, अशी कल्पना करावी. गोधडी विकली जाते खरी. पण पदरात काय पडते, हा प्रश्न निराळा.

दूरच्या गिऱ्हाइकाला माल विकणे ही काही आजची गोष्ट नव्हे. टपालखात्याने व्ही. पी.ची पद्धत 1877 साली सुरू केली. पोस्टमनने पार्सल द्यावे, किंमत वसूल करावी आणि ती विक्रेत्याकडे पोचती व्हावी, अशी ती सोय. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले, की ते परत येई आणि टपालहशील विक्रेत्याच्या अंगावर पडे. माल हाती आल्यावर पैसे देण्याची आजची रीत ही त्याच व्ही. पी.ची नात म्हणावी लागेल. आजीचा हा दोष तिने इमानाने जपला आहे!

पाठवणुकीच्या खर्चात नवखा विक्रेता फसतो तो वजनापाशी. गोधडी अडीच किलोंची. म्हणून हशीलही अडीच किलोंचेच, असा त्याचा हिशेब. परंतु वाहतूकदार जागेचेही वजन करतो. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार बहुधा 5000 ने भागतात, आणि येणारे किलो प्रत्यक्ष वजनाहून अधिक असतील, तर आकार त्यांवर. 50, 40 व 30 सेंटिमीटरांचे खोके या रीतीने 12 किलोंचे ठरते. तीच गोधडी घट्ट गुंडाळून 40, 30 व 15 सेंटिमीटरांत बसविली, तर 3.6 किलो. एका सुतळीने सारा नफा वाचतो. 'पोच मोफत' अशी जाहिरात करणाऱ्याने तर हा आकडा आधीच किमतीत धरलेला असतो; फुकट असे त्यात काहीच नसते.

आता बीजक. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. नोंदणीकृत विक्रेत्याच्या बीजकाला त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा अनुक्रमांक हवा. विक्रेता स्वतःच माल पोचवून देत असेल, तर पाठवणुकीचा खर्च विक्रीच्याच मूल्यात मोडतो आणि त्यावर मालाच्याच दराने कर बसतो. गोधडी 1200 रुपयांची, हशील 160 रुपये व कराचा दर 5 टक्के धरला, तर कर 1360 रुपयांवर, म्हणजे 68 रुपये, एकूण 1428. हशील बीजकाबाहेर ठेवून वेगळे मागणे, ही चूक सर्रास होते.

माल कोठे पोचतो, यावर कराचे नाव ठरते. राजनांदगाव छत्तीसगडातच, तेथे केंद्राचा व राज्याचा कर अर्धा-अर्धा. गोंदिया महाराष्ट्रात, म्हणून तेथे एकात्मिक कर. रक्कम तीच, पण खाते चुकले तर योग्य खात्यात पुन्हा भरून पहिल्याचा परतावा मागावा लागतो. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला ऑनलाइन बाजारपेठेतून ठराविक उलाढालीपर्यंत माल विकण्याची मुभा 1 ऑक्टोबर 2023 पासून मिळाली, तीही राज्याच्या सीमेआतच. अधिसूचित हस्तकलावस्तूंना परराज्यातील विक्रीसाठी काही सवलत आहे. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे पहिल्या परराज्यातील मागणीपूर्वीच करसल्लागाराला विचारलेले बरे.

राहता राहिली परत आलेली गोधडी. मूळ बीजक फाडून टाकणे हा तिचा इलाज नव्हे. त्या बीजकाचा क्रमांक नमूद करून जमापत्र काढावे, म्हणजे भरलेला कर पुढील हिशेबात वळता होतो. जाण्यायेण्याचे हशील मात्र कोणत्याही पत्राने वळते होत नाही. ते कोणी सोसायचे, हे मागणी घेतानाच गिऱ्हाइकाला लिहून कळवावे लागते.