घाटात तापतो तो गिअरबॉक्स

आंब्याच्या दिवसांत वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला यायचे म्हणजे भरलेल्या ट्रकच्या मागे रखडणे आलेच. मागच्या ऑटोमॅटिक कारचा चालक मात्र निवांत असतो. रांग थांबली की ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून तो गाडी चढावर तोलून धरतो. इंजिनाच्या तापमानाचा काटा जागेवर असतो आणि त्याच वेळी खाली गिअरबॉक्समधले तेल भाजून निघत असते.

दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. टॉर्क कन्व्हर्टर साधारण असाच. वाऱ्याच्या जागी तेल. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये ही युक्ती जहाजांसाठी शोधली. इंजिन आणि चाके यांत थेट जोड नसल्याने गाडी गिअरमध्ये असूनही बंद न पडता उभी राहते. पण दुसरे चक्र पहिल्यापेक्षा मागे राहते. ही 'स्लिप', आणि तिच्यात हरवलेल्या शक्तीची होते उष्णता.

वेगात धावताना १०० अश्वशक्तीपैकी, म्हणजे सुमारे ७५ किलोवॅटपैकी, दहा टक्के घसरले तर साडेसात किलोवॅट उष्णता होते. बाथरूममधले दोन किलोवॅटचे जवळजवळ चार गीझर! गाडी अॅक्सिलरेटरवर जागीच धरली, तर कन्व्हर्टरमध्ये आलेली सगळीच शक्ती तेलात जिरते.

४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यतीत चालक हेच मुद्दाम करतो. ब्रेक धरून इंजिन वाढवतो. समजा ३०० किलोवॅट शक्ती तीन सेकंद सात किलो तेलातच मुरली, तर तेल साठ अंशांहून अधिक तापेल. पण त्याला सुटतानाचा जोरदार धक्का मिळतो, शिवाय त्याच्याकडे वेगळा ऑइल कूलर असतो. घाटातल्या आपल्या चालकाला मिळते काय? फक्त बिल.

हे तेल साधारण ८० ते ९५ अंशांवर सुखी असते. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा गॅरेजवाल्यांचा ढोबळ हिशेब. तेल बिघडले की रबरी सील कडक होतात, आतल्या क्लच प्लेट घसरू लागतात आणि त्या घसरण्याने आणखी उष्णता. स्लिप टाळणारा 'लॉक-अप' क्लच १९४९ च्या पॅकार्ड गाडीत आला. आज तो बहुतेक गाड्यांत आहे, पण रखडत्या चढावर तो लागतच नाही.

म्हणून थांबलात की ब्रेक दाबा. चढाला खालचा गिअर निवडा. तापल्याचा दिवा लागला तर सुरक्षित जागी थांबा, 'पी'मध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवा; त्यामुळे पंप तेल कूलरमधून फिरवत राहतो. एएमटी गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो, पण तिथे याच सवयीने क्लच जळतो.

'हे तेल कधीच बदलावे लागत नाही' असे कुणी सांगितले, तरी वारंवार घाट करणाऱ्यांनी ते तपासून घ्यावे. लालसर तेल तपकिरी झाले असेल आणि जळका वास येत असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबू नये.