विळा सांगेल, बोर्डो जमला की बिघडला!

गेल्या पावसाळ्यात निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत गेलो होतो. बोर्डोच्या फवारणीनंतर पाने कडेने करपली होती, आणि दुसऱ्या फवारणीसाठी पिंप भरून तयार होते. बागायतदार वैतागून म्हणाले, "साहेब, मोरचूद बनावट निघालं वाटतं."

म्हटलं, "आधी घरातला विळा आणा."

विळा घासून चकचकीत केला आणि दहा मिनिटे पिंपात बुडवला. बाहेर काढला तर पात्यावर तांबूस थर! मोरचूद खरे होते. चुना कमी पडला होता.

बोर्डो मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातले. मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ साली द्राक्षाच्या केवड्यावर ते सुचवले. मोरचुदात तांबे असते. चुना पुरेसा असला की हे तांबे निळ्या साक्यात बांधले जाते. चुना कमी पडला की ते मोकळे राहते; लोखंडावर चढते आणि पानही जाळते.

एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. कोवळ्या फुटीवर शिफारशीप्रमाणे प्रमाण कमी ठेवावे. दोन्ही द्रावणे प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत करावीत, चुना गाळून घ्यावा आणि ढवळत एकत्र करावीत. विळ्यावर तांबूस थर आला तर चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पुन्हा तपासावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

"पण चुना तर मोजून घातला होता," बागायतदार म्हणाले. खरेच होते. पण गोणी दोन महिने उघडी पडली होती. हवा खाल्लेल्या चुन्याचा हळूहळू खडू होतो. वजन भरते, काम होत नाही. याची परीक्षा लिंबाने करावी. चिमूटभर चुना पाण्यात विझवून, गार झाल्यावर त्यावर लिंबू पिळा. जोरात फसफसला तर तो चुना बोर्डोला घेऊ नका. चुना विझवताना डोळे सांभाळा, पोरांना लांब ठेवा.

हेच लिंबू कोरड्या मातीच्या ढेकळावर पिळून पाहा. माती फसफसली तर जमिनीत चुनखडी आहे. अशा रानात लोह पिकाला नीट मिळत नाही आणि शेंड्याची पाने पिवळी पडतात. मग माती परीक्षण करूनच खत ठरवा.

आता खिशातली चुन्याची डबी काढा. डीएपीचे चार दाणे चुरडून तंबाखूसारखे चुन्यात मळा. नाकात झोंबणारा वास आला पाहिजे, तो अमोनियाचा. वास आला म्हणजे खत शंभर टक्के चोख, असे मात्र समजू नका. पण वासच आला नाही तर गोणी वापरू नका. पक्की पावती आणि गोणी घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे जा. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि खरा निकाल तिथलाच.

निफाडच्या त्या पिंपात ताज्या चुन्याची निवळी घातली. विळा पुन्हा बुडवला, तो पांढराच निघाला. तेव्हा कुठे पंप सुरू झाला. करपलेली पाने काही परत हिरवी झाली नाहीत. तेवढी दहा मिनिटे पहिल्या फवारणीआधी दिली असती तर?