क्लिकचा पूर आणि दुतोंड्या मारुती

गोदावरीला पूर आला की नाशिककर एकमेकांना क्युसेकचे आकडे विचारत नाहीत. ‘मारुतीच्या कुठपर्यंत आलं?’ एवढंच विचारतात. रामकुंडाजवळची दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही आमची पूर मोजायची पट्टी. पाणी गुडघ्याला लागलं तर फोटो काढायचे, कमरेच्या वर चढलं की भांडीबाजारात माल माळ्यावर हलवायचा. पण मारुती सांगतो ते इतकंच की पाणी किती चढलं. ते गंगापूर धरणातून सोडलं की वाटेतल्या नाल्यांनी आणून ओतलं, हे त्याला ठाऊक नसतं.

याच नदीच्या वरच्या अंगाला, धरणाजवळ गोवर्धनला, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १ जुलै १९८९ ला ते सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले, मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. विद्यापीठाचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. कंडक्टर, गृहिणी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार अशांसाठी शिक्षण पोस्टाने आणि अभ्यासकेंद्रांतून घरी पोचवायचं, ही त्यामागची कल्पना. पुस्तकंही त्याच बेताने लिहिलेली असतात: घटकाच्या आरंभी उद्दिष्टं, मध्ये विवेचन, अधूनमधून प्रश्न, आणि शेवटी त्यांची उत्तरं. शिक्षक समोर नाही, म्हणून पुस्तकालाच शिक्षक केलेलं.

गंगा घरोघरी गेली, पण घरातून उलट काय येत होतं? गृहपाठ, परीक्षेचा पेपर आणि संपर्कसत्राच्या हजेरीपटावरची सही. छापील पुस्तकाने शिकवणाऱ्या जगातल्या कुठल्याही विद्यापीठाची ही मर्यादा होती. विद्यार्थी सत्तेचाळिसाव्या पानावर अडला आणि त्याने पुस्तक फळीवर टाकलं, तर ते कळायला परीक्षेचा अर्ज न येण्याची वाट पाहावी लागायची. तोवर वर्ष गेलेलं असायचं, आणि सत्तेचाळिसावं पान पुढच्या आवृत्तीतही जसंच्या तसं छापलं जायचं.

ऑनलाइन अभ्यासक्रमाने बदललं ते नेमकं हे. विद्यार्थी पडद्यावर जे जे करतो त्याची एकेक ओळ सर्व्हरवर लिहिली जाते: कोण, कधी, कोणत्या पानावर, व्हिडिओच्या कितव्या सेकंदाला थांबला, कुठे मागे गेला, कोणता पर्याय निवडून मग बदलला. दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखं हे रुक्ष लिखाण असतं, पण लाखो ओळी एकत्र आल्या की त्यातून आकार दिसू लागतो.

२०१२ च्या वसंतात एमआयटीने विद्युत मंडलांवरचा एक अभ्यासक्रम जगाला फुकट खुला केला. नोंदणी १,५४,७६३ जणांची. पहिला प्रश्नसंच नुसता उघडून पाहणारे सुमारे ६९ हजार. त्यात निदान एक गुण मिळवणारे सुमारे २६ हजार. शेवटी प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना. वर्तमानपत्रांनी त्या काळी पहिला आणि शेवटचा आकडा घेऊन गळतीची हाकाटी केली. अभ्यासक्रम सुधारायला बसलेल्या माणसासाठी मात्र मधले आकडे मोलाचे. सगळ्यात मोठी गळती पहिलं गणित सोडवण्याच्या आधीच झाली आहे. म्हणजे दहाव्या आठवड्याचे व्हिडिओ कितीही सजवले तरी फरक पडायचा नाही. हात पहिल्या आठवड्याला घालायचा.

व्हिडिओंचंही तसंच. २०१४ मध्ये संशोधक फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतले ८६२ व्हिडिओ आणि ते पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्मे तरी प्रेक्षक सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते. हा निष्कर्ष इतका गाजला की ‘सहा मिनिटांचा नियम’ म्हणून जगभर ठोकून दिला गेला. इथे मला जरा थांबावंसं वाटतं. त्या अभ्यासाने मोजलं ते पाहणं, शिकणं नव्हे. मी स्वतः एक संपूर्ण व्याख्यान मटार सोलत ‘पाहिलं’ आहे. सर्व्हरच्या लेखी मी आदर्श विद्यार्थी, शेवटच्या सेकंदापर्यंत हजर. त्याच नोंदींतली मला अधिक रंजक वाटणारी गोष्ट वेगळी आहे. काही ठिकाणी शेकडो लोक एकाच वाक्याशी परत परत येतात. तिथे बहुतेक वेळा शिक्षकाने फळ्यावरचं पुसलेलं असतं, चित्र फार लवकर सरकवलेलं असतं, किंवा एखादी पायरी मनातच गिळलेली असते. वर्गात विद्यार्थी भुवई उंचावतो, इथे मागे जातो.

उत्तरांमधून मिळणारी माहिती त्याहून नेमकी. ऑनलाइन अभ्यासक्रम देणाऱ्या कोर्सेराच्या सहसंस्थापक डॅफ्नी कोलर यांनी २०१२ मध्ये एक उदाहरण सांगितलं होतं: अँड्र्यू एनजी यांच्या अभ्यासक्रमात एका गणिताला सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांनी एकच चुकीचं उत्तर दिलं. वर्गात दोघे चुकले तर आपण त्यांना रागावतो. दोन हजार जण अगदी सारखंच चुकले तर चुकीच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. तो शोधून, तेच उत्तर देणाऱ्याला नेमकी त्याच्या चुकीवर बोट ठेवणारी सूचना दाखवता येते.

उत्तरांवरून प्रश्न पारखण्याच्या या शास्त्राची मुळं संगणकाच्या आधीची आहेत. प्रश्न बरा की वाईट हे तपासायला परीक्षाशास्त्रात एक जुनी युक्ती आहे. गुणांनुसार विद्यार्थ्यांची रांग लावायची, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के वेगळे काढायचे. हा २७ चा आकडा ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये गणिताने दाखवून दिला. मग एकेका प्रश्नाला दोन्ही गटांतल्या किती जणांनी बरोबर उत्तर दिलं ते पाहायचं. वरच्या गटाचे ८० टक्के आणि खालच्याचे ३० टक्के बरोबर असतील तर प्रश्न आपलं काम करतो. दोन्ही सारखेच असतील तर प्रश्न निरुपयोगी. आणि वरचे चुकले, खालचे बरोबर आले, तर आधी उत्तरसूची तपासावी. बहुधा घोळ तिथेच सापडतो.

मराठीतून शिकणाऱ्यांसाठी यात एक जास्तीची गंमत आहे. डोक्यावर भरला हंडा घेऊन जागेवर उभ्या असलेल्या बाईने किती ‘कार्य’ केलं? भौतिकशास्त्राचं उत्तर शून्य, कारण हंडा हललाच नाही. विद्यार्थ्याच्या डोक्यात मात्र ‘कार्य’ म्हणजे लग्नकार्य, नाहीतर सरळ काम; आणि ती बाई तर घामाघूम झालेली. तो चुकला तो भौतिकशास्त्रात की भाषेत? इंग्रजी अभ्यासक्रमांच्या कोट्यवधी नोंदींत याचं उत्तर मिळणार नाही. ते मराठी विद्यार्थ्यांच्या उत्तरांतच शोधावं लागेल.

नोंदी वाचताना सगळ्यात सोपी फसगत कार्यकारणाची. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने विद्यार्थ्यांना मागे पडण्याचा धोका सांगणारे लाल, पिवळा, हिरवा असे सिग्नल दाखवणारी यंत्रणा आणली. ती असलेले दोन किंवा अधिक विषय घेणारे विद्यार्थी विद्यापीठात जास्त टिकतात, असा दावा झाला. २०१३ मध्ये माइक कॉलफील्ड आणि अल्फ्रेड एसा यांनी त्यातली मेख दाखवली. ती नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्यांना लगेच कळेल. गाडीत दोन चहा घेणारे लोक एक चहा घेणाऱ्यांपेक्षा लांब जातात. म्हणून चहा पाजला की माणूस लांब जातो असं म्हणायचं का? जो इगतपुरीलाच उतरला, त्याला दुसरा चहा घ्यायला वेळच कुठे होता!

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये ३२,५९३ नोंदणींचा डेटा नावं काढून सर्वांसाठी खुला केला. त्यात १०,१५६ वेळा अभ्यासक्रम मध्येच सोडल्याची नोंद आहे. रोज किती क्लिक, गृहपाठ कधी दिला, गुण किती, सगळं आहे. मागच्या तुकड्यांच्या अशा नोंदींवरून या आठवड्यात कोण मागे पडेल याचा अंदाज तिथे बांधला जातो आणि यादी शिक्षकाकडे जाते. पुढचं काम फोनचं. यादी कोणी उघडलीच नाही तर सगळं गणित पाण्यात.

फोनऐवजी स्वयंचलित संदेशांवर भागवावं, अशी आशा बरीच वर्षं होती. ‘अभ्यास कधी आणि कुठे करणार ते लिहून काढा’ अशा छोट्या सूचनांची परीक्षा रेने किझिलसेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीचशे अभ्यासक्रमांत, अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांवर घेतली. २०२० मध्ये निष्कर्ष आले: पहिले काही आठवडे थोडी हालचाल दिसते, अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांची संख्या मात्र फारशी हलत नाही.

विद्यार्थ्याच्या माहितीची राखण हा वेगळ्या लेखाचा विषय. २०२३ मध्ये सरकारी ‘दीक्षा’ अ‍ॅपवरची लाखो शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती सर्व्हरवर उघडी राहिल्याची बातमी आली. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झाला. गरजेपुरतंच गोळा करावं आणि कशासाठी ते विद्यार्थ्याला आधी सांगावं, हा व्यवहार कायद्याच्या धाकाशिवायही करता येतो.

आता पुन्हा नाशिककडे. समजा, दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांच्या नोंदींत दर ऑक्टोबरला क्लिक एकदम खाली जातात. यंत्र त्यांना लाल रंगात दाखवेल: रस कमी झाला, गळतीचा धोका. मारुतीला पाणी कुठून आलं ते ठाऊक नसतं, तशी यंत्राला द्राक्षांची गोडीबहार छाटणी माहीत नाही. छाटणीपासून माणसं पहाटेपासून बागेत असतात. फवारण्या, विरळणी, घडांचं डिपिंग, एक संपत नाही तोवर दुसरं. कुणाच्या घरी फोन एकच आणि तो बहिणीच्या परीक्षेला गेलेला. हे अभ्यासकेंद्रावरच्या समंत्रकाला, म्हणजे तिथल्या शिक्षकाला, न विचारता ठाऊक असतं. त्याच्या स्वतःच्याही वेलींवर कात्री चालू असते. तो यादी पाहील, मान हलवील आणि गृहपाठाची तारीख डिसेंबरात ढकलता येते का ते विचारायला विद्यापीठात फोन लावील.