हंड्याला पांढरी रेघ, रॉडला चुन्याचा थर

चहाच्या पातेल्याच्या तळाला खरखरीत पांढरा लेप बसतो. साबण कितीही घासला तरी फेस धरत नाही. तुरीची डाळ दोन शिट्ट्या जास्त घेते आणि तरीही दाणा दातांखाली येतो. आपल्या वस्त्यांमधून ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि तिच्या मागोमाग एक प्रश्न ठरलेला असतो: या पाण्याने मुतखडा होतो का?

आधी तेच सांगून टाकू. पाणी कठीण आहे एवढ्यामुळे मुतखडा होतो, याला ठोस पुरावा नाही. पांढरा थर दिसतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा, आणि हे दोन्ही शरीराला लागतातच. उलट, पाणी चवीला बरे लागत नाही म्हणून माणसे दिवसभर कमी पाणी पितात, आणि कमी पाणी पिणे हे मुतखड्याचे खरे कारण ठरू शकते. उन्हात काम करणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवलेच पाहिजे. अंगाला खाज आणि कोरडेपणा मात्र या पाण्याने वाढू शकतो, कारण साबणाचा चिकट साका अंगावर राहून जातो. साबण कमी लावावा, अंग नीट धुवावे आणि लहान मुलांना आंघोळीनंतर खोबरेल तेल लावावे.

मग धोका कुठे आहे? तो पोटात कमी आणि पाणी तापवण्याच्या वस्तूंमध्ये जास्त आहे. याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

पावसाचे पाणी मऊ असते. ते जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आंबट होते आणि खडकातले क्षार विरघळवत खाली जाते. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या कातळाचा आहे. त्याच्या भेगांत वर्षानुवर्षे साठलेले पाणी बोअरमधून वर येते, ते क्षार घेऊनच. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-कोरपना भागात तर जमिनीखाली चुनखडीच आहे. सिमेंटचे कारखाने तिथे आले ते त्या चुनखडीसाठी. धरणाचे पाणी त्या मानाने मऊ असते. म्हणून शहराच्या एका भागात नळाला धरणाचे पाणी आणि पलीकडच्या वस्तीत टाकीला बोअरचे पाणी असेल, तर एकाच साबणाचा फेस दोन घरांत वेगळा दिसतो.

हे पाणी तापले की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना वेगळा होऊन सर्वात गरम जागेवर चिकटतो. बादलीत टाकायच्या रॉडमध्ये सर्वात गरम जागा म्हणजे रॉडची नळी. थर जाड झाला की नळीची उष्णता पाण्यात लवकर जात नाही, आतली तार जास्त तापते आणि एक दिवस नळीला तडा जातो. त्या तड्यातून पाणी आत शिरते आणि वीज बादलीत उतरते. रॉड चालू दिसतो, पाणी गरम होते, आणि तरी ते पाणी हाताला शॉक देऊ शकते. थरामुळे रॉडचे वीजबिल फार वाढते असे म्हणतात, ते तितकेसे खरे नाही. उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. पैसे वाया जातात ते गॅसवर, कारण पातेल्याच्या तळाला थर असला की आच बाजूने निसटते. रॉडच्या बाबतीत काळजी बिलाची नको, जिवाची हवी.

म्हणून बटण बंद करून पिन सॉकेटमधून काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचे नाही. 'मी रोज असेच बघते' हे उत्तर चालणार नाही. रॉडची तीन पायांची पिन मोडून दोन पायांची करू नये. त्यातला मोठा पाय अर्थिंगचा असतो आणि गळलेली वीज त्याच वाटेने जमिनीत जाते. अर्थात घरात अर्थिंगच नसेल तर ती वाट बंदच आहे. अशा घरांत मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा. वायरमन त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. त्याला खर्च येतो, पण महागडे पाणी शुद्धीकरण यंत्र घेण्याआधी हा खर्च करावा असे माझे मत आहे.

थर काढायला चाकू किंवा दगड नको, त्याने नळीवरचा मुलामा निघतो. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळते. एक लिटर गरम पाण्यात ते दोन मोठे चमचे विरघळवावे आणि पिन काढलेल्या, थंड झालेल्या रॉडचा फक्त नळीचा भाग त्यात तासभर बुडवून ठेवावा. वायर जोडलेला वरचा भाग कोरडाच राहिला पाहिजे. बुडबुडे येतात आणि थर सुटतो. जाड असेल तर पुन्हा करावे. हेच पाणी पातेल्याला आणि किटलीलाही चालते. संडास धुण्याचे ॲसिड मात्र वापरू नये. ते धातू खाते, आणि त्याच मोरीत ब्लीचिंग पावडर पडलेली असेल तर दोन्ही मिळून क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

कुकरकडेही बघावे. शिट्टी ज्या नळीवर बसते तिच्या भोकात चुना आणि डाळीचा फेस मिळून बूच बसते. झाकण उजेडाकडे धरून भोकातून आरपार दिसते का ते रोज पाहावे, नसेल तर सुईने साफ करावे. सेफ्टी वॉल्व्ह जुना झाला असेल तर बदलावा. डाळ शिजत नसेल तर ती रात्री भिजवावी आणि मिळत असेल तर धरणाचे किंवा उकळून थंड करून वरचे निवळलेले पाणी वापरावे. उकळल्याने कठीणपणाचा काही भाग खाली बसतो, सगळा नाही. तुरटीने गढूळपणा जातो, कठीणपणा जात नाही.

कपड्यांसाठी धुण्याचा सोडा पुरतो. मध्यम कठीण पाण्याच्या १५ लिटरच्या बादलीत एक लहान चमचा आधी ढवळावा, मग साबण टाकावा. लोकर आणि रेशमाला सोडा नको.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. नुसता पांढरा थर बघून आरओ घेऊ नये. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, आणि पाणी तर आपण टँकरच्या रांगेत उभे राहून आणतो.

जे घातक असते ते डोळ्यांना दिसत नाही. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे धरतात. गटाराजवळच्या बोअरमध्ये नायट्रेट उतरते. त्याची मर्यादा ४५ आहे आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचे दूध त्या पाण्यात करून देणे धोक्याचे आहे. ही दोन्ही उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने वाढतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. महिला मंडळाने सार्वजनिक बोअरचा नमुना एकत्रच द्यावा. बोअर पाच मिनिटे चालू ठेवून, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून एक लिटर भरावे, तारीख आणि ठिकाण लिहावे, आणि अर्जात कठीणपणाबरोबर फ्लोराइड व नायट्रेट तपासून द्या असे स्पष्ट लिहावे.