‘आर’ प्रणालीत पॅकेज बांधण्याची पूर्वतयारी



मराठी मजकुरातील शब्दांची वारंवारता मोजू लागले, की पहिली अडचण व्याकरणाची येते. घरात, घराला, घरापुढे, घराच्या ही रूपे संगणक चार स्वतंत्र शब्द म्हणून मोजतो. इंग्रजीत असे संबंध दाखवणारे शब्द बहुधा सुटे लिहिले जातात. त्यामुळे इंग्रजीसाठी घडवलेली साधने मराठीला जशीच्या तशी लावली, तर ‘घर’ हा शब्द यादीत फार खाली जातो आणि त्यावर उभारलेला निष्कर्ष फसवा ठरतो. सामान्यरूप ओळखून प्रत्यय वेगळा करणारे साधन आपल्या गरजेप्रमाणे मिळाले नाही, तर ते स्वतः घडवावे लागते. ‘आर’ या संख्याशास्त्रीय प्रणालीत अशा पूरक साधनास ‘पॅकेज’ म्हणतात. ते बांधण्यासाठी संगणकावर कोणती तयारी करावी लागते, ते येथे पाहू.

‘आर’चा आरंभ न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी केला. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ही प्रणाली विनामूल्य असून जगभरच्या अभ्यासकांनी रचलेली हजारो पॅकेजे ‘क्रॅन’ या भांडारात उपलब्ध आहेत.

पॅकेज दोन रूपांत मिळते. एक मूळ रूप, म्हणजे लेखकाने लिहिलेली आज्ञावली. दुसरे यंत्राला थेट वापरता येईल असे तयार रूप. धान्य आणि दळून आणलेले पीठ यांत जो फरक, तोच येथे आहे. विंडोज वापरणाऱ्यास क्रॅनवरून सहसा पीठच मिळते, म्हणून जात्याची आठवण होत नाही. पण पॅकेजमध्ये सी, सी++ किंवा फोरट्रान या भाषांतील भाग असेल आणि ते मूळ रूपातून बांधायचे असेल, तर त्या भागाचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर लागतो. विंडोजसाठी हा कंपायलर आणि त्याची सहायक साधने ‘आरटूल्स’ या एकाच संचात मिळतात. केवळ ‘आर’ भाषेत लिहिलेल्या पॅकेजला या संचाची गरज नसते. तरीही लाखो शब्दांवर चालणारे काम जलद व्हावे म्हणून सी++ कडे वळण्याची वेळ पुढे येते. काहीशे मेगाबाइटचा हा संच चांगले इंटरनेट असेल त्या दिवशी उतरवून ठेवावा, हे बरे.

येथे आवृत्तीचा मेळ महत्त्वाचा आहे. ‘आर’च्या ४.४ आवृत्तीसाठी आरटूल्स ४४, तर ४.५ साठी आरटूल्स ४५. संच स्थापन करताना सुचवलेली जागा बदलू नये. तेथे ठेवल्यास ‘आर’ला तो आपोआप सापडतो. जुन्या मार्गदर्शिकांत ‘पाथ’ नावाची नोंद हाताने बदलण्यास सांगितलेले असते. ४.२ आवृत्तीपासून त्याची आवश्यकता राहिलेली नाही, आणि नको तिथे ती नोंद बदलल्याने दुसरेच काही बिघडते. स्थापनेनंतर ‘आर’ उघडून ‘सिस डॉट विच’ ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी व कंसात, अवतरणचिन्हांत ‘मेक’ हे साधनाचे नाव लिहावे. उत्तरात फोल्डरचा पत्ता आला, तर संच सापडला आहे. रिकामी अवतरणचिन्हे आली, तर नाही. मॅकवर ॲपलची ‘एक्सकोड कमांड लाइन टूल्स’ आणि उबुंटूवर ‘आर-बेस-डेव्ह’ हा संच हेच काम करतो.

पॅकेज म्हणजे ठरावीक रचनेचे एक फोल्डर होय. त्यात ‘डिस्क्रिप्शन’ ही परिचयाची फाइल, कोणती कार्ये बाहेर वापरता येतील हे सांगणारी ‘नेमस्पेस’ ही फाइल आणि आज्ञावलीचे ‘आर’ नावाचे उपफोल्डर असते. पॅकेजचे नाव रोमन अक्षरे, अंक आणि टिंब यांतच द्यावे लागते. देवनागरी नाव चालत नाही. काम करण्याच्या फोल्डरच्या पत्त्यातही रिकाम्या जागा वा देवनागरी अक्षरे टाळावीत, कारण काही साधने तेथे अडखळतात.

आता मराठीच्या अभ्यासकाला विशेष जपावी लागणारी गोष्ट. विंडोजवर ‘आर’ पूर्वी देवनागरी नीट हाताळत नसे. पडद्यावर ‘घर’ऐवजी ०९१८, ०९३० असे संकेतांक उमटत. २०२२ मधील ४.२.० आवृत्तीपासून अद्ययावत विंडोजवर यूटीएफ-८ हीच तिची मूळ लिपिव्यवस्था झाली. म्हणून त्याआधीच्या आवृत्तीवर हे काम सुरू करू नये. मात्र पॅकेजच्या नियमांत एक अडसर उरतोच: ते सर्वत्र चालावे यासाठी आज्ञावलीत, टिपा वगळता, साधी रोमन चिन्हेच असावी लागतात. प्रत्ययांची यादी तेथे सरळ देवनागरीत लिहिली, तर तपासणीत इशारा मिळतो. यावर दोन उपाय आहेत. प्रत्येक अक्षर त्याच्या संकेतांकाने लिहावे, किंवा यादी विदा म्हणून ‘डेटा’ या उपफोल्डरमध्ये ठेवावी. मला दुसरा उपाय श्रेयस्कर वाटतो. संकेतांकांची रांग वाचून त्यातला ‘पुढे’ चुकला आहे की बरोबर, हे कोणता वैयाकरण सांगेल? परिचयाच्या फाइलीत लिपिव्यवस्था यूटीएफ-८ असल्याचीही नोंद करावी.

बांधणी दोन आज्ञांनी होते. ‘आर सीएमडी बिल्ड’ या आज्ञेने फोल्डराचे एक गाठोडे तयार होते आणि ‘आर सीएमडी चेक’ त्याची कसून तपासणी करते. परंतु ही तपासणी रचनेची असते, भाषेची नव्हे. शेवटचा ‘त’ काढून टाकावा असा नियम तुम्ही लिहिलात, तर ‘घरात’चे ‘घरा’ होईल, पण ‘शेत’चे ‘शे’ आणि ‘गीत’चे ‘गी’ही होईल, आणि तपासणी एका शब्दानेही हटकणार नाही. अपवादांची यादी तुम्हालाच करावी लागते, आणि ‘पाण्यात’मधून ‘पाणी’ परत मिळवण्यासाठी सामान्यरूपाचे नियमही.

स्वाध्याय : आपल्या आवडीच्या मराठी लेखातील एक परिच्छेद घ्या. त्यातील ‘त’ने संपणारे सर्व शब्द काढून सप्तमीची रूपे व मूळ शब्द असे दोन गट करा. दुसऱ्या गटाची यादी यूटीएफ-८ मध्ये जतन करून ठेवा. पुढील घटकात तीच पॅकेजच्या विदेत घ्यायची आहे.